पन्नास सेकंदांचं वळण

"सर, आपण सरळ चाललोय," मृणाल म्हणाली.

विमानातली काटेवाली गोल यंत्रं, त्यांना आम्ही घड्याळंच म्हणतो, त्यांतलं तिच्यासमोरचं एक क्षणापूर्वीपर्यंत सांगत होतं की आपण डावीकडे कललोय. दुसरं सांगत होतं, उजवीकडे वळतोय. तिसरं तिच्या बाजूने होतं. बाहेर बघून खात्री करावी, तर चारी काचांबाहेर नुसता पांढरा ढग. पंखाचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. आणि समोर सात-आठ किलोमीटरवर सह्याद्री उभा होता, आमच्याहून उंच.

"सरळ कशावरून?" मी विचारलं.

"कंपास हललेला नाही, सर. आणि वाटतंय पण सरळच."

"वाटतंय ते राहू दे. वाटण्याचा पगार मिळत नाही आपल्याला."

मी असाच बोलतो. आयुष्यभर लहान विमानं उडवली, पोरापोरींना उडवायला शिकवलं, त्यात जिभेची धार काही गेली नाही. मृणाल सावर्ड्याची. लायसन नवीन, हात चांगला, पण कोणी जरा मोठ्याने बोललं की गप्प होणारी. त्या दिवशी ती डाव्या सीटवर होती, म्हणजे विमान तिच्या हातात. मी उजव्या सीटवर. मागे कॅमेऱ्यापाशी खेडेकर. तो नकाशाचं काम देणाऱ्या कंपनीचा माणूस, मूळ हेदवीचा.

काम असं होतं. विमानाच्या पोटात भोक, भोकात कॅमेरा. जयगडच्या किनाऱ्यावरून निघायचं, नाकासमोर पूर्वेला संगमेश्वरच्या डोक्यावरून घाटाच्या अलीकडे जायचं, वळायचं, शेजारच्या पट्ट्यातून परत समुद्राकडे. शेत नांगरतात तसं. अशा एका पट्ट्याला आम्ही लाईन म्हणतो. माझं गाव त्याच लाईनखाली येतं, पण वरून गावाकडे बघत बसायला सवड नसते. इंजिन एक, सीटा चार, आणि विमान माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांपेक्षा वयाने मोठं. कॉकपिटमध्ये टीव्हीसारखे स्क्रीन नाहीत, सगळी गोल गोल घड्याळं. पॅनेलवरचा जीपीएस दुरुस्तीला मुंबईला गेलेला.

ऑक्टोबरात कोकणात सकाळ काचेसारखी स्वच्छ असते. दुपारनंतर घाटावर ढग चढायला लागतात. त्या दिवशी दुपारची वाट न बघता ते चढले. शेवटच्या लाईनचं टोक आलं आणि भाताच्या पातेल्यात फेस वर यावा तसा ढग खालून आला. खेडेकरने कॅमेऱ्याचा लॅपटॉप बंद केला. ढगाचे फोटो काढून कोणाला देणार? मी मृणालला म्हटलं, "इन्स्ट्रुमेंटवर ये. पाठी वळू या." ढगात शिरणं हा काही गुन्हा नाही. आम्हाला त्याचं वेगळं शिक्षण असतं, वेगळी परीक्षा असते. मला त्या क्षणी काही म्हणजे काही वाटलं नाही.

मग बम्प सुरू झाले. विमान ढगात जरा आदळतं, त्याला बम्प म्हणतात. मी खाली मान घालून रत्नागिरीच्या टॉवरला हवामान विचारत होतो. मान वर केली, तोवर मृणालने वळायला सुरुवातच केलेली नव्हती. ती विमान सरळ करण्याच्याच खटपटीत होती, आणि ते काही सरळ होत नव्हतं.

इथे दोन शब्द घड्याळांबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पॅनेलच्या मधोमध असतं आर्टिफिशियल होरायझन. वर निळं, खाली तपकिरी, म्हणजे आकाश आणि जमीन. ढगात आमचा सगळा जीव त्याच्यावर. त्याच्याखाली हेडिंग इंडिकेटर, तोंड कुठल्या दिशेला आहे ते दाखवणारा. आमच्या विमानात या दोघांच्या आत फिरणाऱ्या चकत्या हवेवर चालतात, आणि ती हवा इंजिनला जोडलेला एक पंप ओढतो. पंप मेला की चकत्या हळूहळू थकतात. घड्याळ पटकन बंद पडलं तर बरं, निदान कळतं. हे तसं करत नाही. आजारी माणसासारखं एका कुशीला कलत जातं, आणि पायलट बिचारा त्याच्याकडे बघून चांगलं चाललेलं विमान दुसऱ्या कुशीला टाकतो.

डाव्या कोपऱ्यात खाली आणखी एक घड्याळ असतं, टर्न कोऑर्डिनेटर. हे विजेवर चालतं, पंपाशी त्याचं नातं नाही. त्यात एक इवलंसं विमान असतं, पाठमोरं. ते दिशा सांगत नाही. आपण वळतोय का, कुठल्या बाजूला, आणि किती वेगाने, एवढंच सांगतं. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रेघ असते. त्याच्या पंखाचं टोक रेघेला टेकलं, की विमान दर सेकंदाला तीन डिग्री वळतं. म्हणजे अख्खं वर्तुळ दोन मिनिटांत, अर्धं एका मिनिटात. जगात कुठेही जा, हाच हिशेब.

त्या क्षणी होरायझन म्हणत होतं, डावीकडे कललंय. मृणाल त्याला मानून उजवीकडे दाब देत होती. टर्न कोऑर्डिनेटरचं इवलं विमान उजवीकडे झुकलेलं. मी सक्शनचा काटा बघितला, म्हणजे पंप किती हवा ओढतोय ते दाखवणारा. शून्य.

"पंप गेला," मी म्हटलं. "होरायझन मेलं. त्याच्याकडे बघायचं नाही."

"हो सर."

ती बघतच होती. माणसाचा स्वभावच तसा आहे, मधोमध जे हलतं त्याच्याकडे डोळा जातो. खेडेकरने लाईनचे नंबर लिहून पॅनेलच्या कडेला पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या, त्यांतल्या मी दोन ओढल्या आणि दोन्ही मेलेल्या घड्याळांची तोंडं झाकून टाकली.

"आता टर्न कोऑर्डिनेटर बघ. ते म्हणतंय उजवीकडे वळतोय. सरळ कर."

तेव्हा ती ते वाक्य बोलली, ज्याच्यापासून मी सुरुवात केली. सर, आपण सरळ चाललोय.

तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आज ठामपणे सांगतो. त्या वेळी मलाही शंका आली होती. कारण कंपास खरोखर हलत नव्हता. काचेपाशी वर, द्रवात तरंगणारी साधी चकती. तिला वायर नाही, पंप नाही, काही नाही. आम्ही शिकवतोच मुळी असं, की सगळं गेलं तरी कंपास राहतो. आणि तो ऐंशी-नव्वदच्या मध्ये ठाम उभा, म्हणजे पूर्व. म्हणजे लाईनची दिशा. तो खरा असेल, तर आम्ही सरळ घाटाकडे चाललो होतो आणि टर्न कोऑर्डिनेटर बिघडलेलं होतं. मग वळण मोजायचं तरी कशाने?

"सर, टर्न कोऑर्डिनेटरच गेलं असेल," मृणाल म्हणाली. आवाज रडवेला. "एकटंच तर वेगळं सांगतंय. बाकी कोणीच उजवीकडे म्हणत नाहीये."

"इथे काय ग्रामपंचायतीचं मतदान चाललंय? स्पीड वाच."

"एकशे पंधरा."

"होता किती?"

"शंभर."

"उंची?"

"दोन हजार आठशे... सर, दोनशे फूट गेले!"

"सरळ जाणारं विमान आपोआप पळायला लागतं? आपोआप उतरतं?"

विमान कललं आणि कोणी सावरलं नाही, तर नाक खाली जातं, वेग वाढतो, उंची जाते. म्हणजे टर्न कोऑर्डिनेटर एकटं नव्हतं. त्याला दोन साक्षीदार होते.

"डावीकडे दे. हळू. इवलं विमान समतल होईपर्यंत."

तिने दिलं. इवल्या विमानाचे पंख समतल झाले. स्पीड उतरू लागला, उंची थांबली. पण कंपास तसाच. आम्ही वळत होतो तेव्हा ऐंशी-नव्वद, वळणं थांबलं तेव्हाही ऐंशी-नव्वद. बम्पमध्ये तो डुचमळतो, नाचतो, ते त्याचं कामच आहे. हा ढिम्म.

"सायेब, काय झाला?" मागून खेडेकर.

"काही नाही. मोबाईलवर नकाशा लागतो का बघा."

"बघितला. ठिपका अजून विमानतळावरच बसलाय वो. रेंज नाय."

"लॅपटॉप?"

"लावतो. पण त्याला उठायला पाच-सात मिनिटं लागतील."

एवढा वेळ आमच्याकडे नव्हता. आमचं विमान मिनिटाला तीन किलोमीटर कापतं. तुम्ही म्हणाल, मग वर चढायचं होतं. तीन माणसं, कॅमेरा आणि ऑक्टोबरची गरम हवा घेऊन आमची म्हातारी इतकी संथ चढते, की माथा ओलांडण्याआधी कडा गाठला असता. वळण्याला पर्याय नव्हता. आणि वळायचं तर आत्ता तोंड कुठे आहे ते कळायला हवं, आणि ते सांगणारी दोनच घड्याळं. एकावर चिकटपट्टी, दुसरं ढिम्म.

तेव्हा मी पहिल्यांदा कंपासकडे नीट, मान वळवून बघितलं. त्याला खेटून, डॅशबोर्डावर, बोटभर उंचीचा गणपती बसला होता. दहा हातांचा.

"हा कोणी बसवला?"

"मी," खेडेकर म्हणाला. "बम्प सुरू झाले तेव्हा. आमच्या हेदवीचा दशभुजा. गाडीत असतो तसाच. घाट लागला की देव पुढे हवा ना, सायेब."

मृणाल पुटपुटली, "मी बघितलं होतं, सर. मी पण नमस्कार केला."

"बुडाला काय आहे त्याच्या?"

"चुंबक आहे वो. हल्ली सगळे तसलेच मिळतात. पण इथे चिकटेना, लोखंड नाय, म्हणून खालच्या टेपचा कागद सोलून चिकटवला."

अरे देवा! कंपास म्हणजे तरी काय? उत्तरेकडे ओढली जाणारी एक सुई. तिच्या कानाशी चुंबक आणून ठेवला, तर ती कशाला पृथ्वीचं ऐकते? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कॉकपिटमध्ये कंपासजवळ आम्ही लोखंडी स्क्रूसुद्धा लावू देत नाही.

मी हात घातला. "सायेब, देवाला नाय!" खेडेकर ओरडला. सीटबेल्टमधून पुढे झेपावलाच तो.

"देवाला नाही हलवत. चुंबकाला हलवतोय."

टेप चिवट होता. दोनदा ओढावं लागलं. आमच्या घरी बुद्ध आणि बाबासाहेब, मी मूर्तीपूजा करत नाही. पण दुसऱ्याचा देव फेकणाऱ्यातलाही नाही. मूर्ती मागे दिली आणि म्हटलं, "दोन्ही हातांनी घ्या. छातीशी धरा. मागे सरका आणि जमिनीवर उतरेपर्यंत पुढे आणू नका."

कंपासची चकती गर्रकन फिरली, मागेपुढे झाली, आणि थांबली. एकशे वीस. पूर्वेपासून चांगलं तीस डिग्री उजवीकडे. कोपऱ्यातलं इवलं विमान पहिल्यापासून खरं बोलत होतं.

मृणालने तो आकडा पुन्हा एकदा वाचला.

"गणित कर," मी म्हटलं. "आत्ता एकशे वीस. जायचंय पश्चिमेला, दोनशे सत्तर."

"फरक... एकशे पन्नास."

"सेकंदाला तीन."

"पन्नास सेकंद."

"मग वळव उजवीकडे. मी स्टॉपवॉच लावतो."

"सर, तुम्ही घ्या ना. प्लीज. माझे हात..."

घ्यावं असं मलाही वाटत होतं. उगाच मोठेपणा सांगत नाही, फार वाटत होतं. पण टर्न कोऑर्डिनेटर डाव्या सीटच्या समोर आहे. उजवीकडून ते तिरकं दिसतं. समोरच्याला पंख रेघेला टेकलेला दिसतो तेव्हा मला तो रेघेच्या वर दिसतो. दुसरा दिवस असता तर चाललं असतं. त्या दिवशी पंखाच्या टोकाइतकी चूकही परवडणारी नव्हती.

"मला ते तिरकं दिसतं, मृणाल. तुला सरळ दिसतं. म्हणून तूच उडवायचंस. पंख रेघेला टेकव आणि तिथेच ठेव. बाकी सगळं मी वाचतो."

"कंपास बघू?"

"वळताना अजिबात नाही. वळताना तोही थापा मारतो. फक्त ती रेघ."

तिने उजवीकडे दाब दिला. इवल्या विमानाचा पंख खाली गेला, रेघेला टेकला. मी बटण दाबलं.

पहिले दहा सेकंद ठीक गेले. मी वाचत होतो, "स्पीड शंभर. उंची ठीक. दहा." मागे खेडेकर अथर्वशीर्ष म्हणत होता, हळू आवाजात, घाईघाईने.

"वीस. उंची जातेय, नाक जरा वर. बास."

पंचविसाच्या सुमाराला मोठा बम्प आला. डोकं छताला लागलं. मृणाल ओरडली, "सर, आपण आडवे पडतोय!"

"नाही पडत."

"पडतोय, सर! मला कळतंय ना!"

हे वाटणं कानाच्या आतलं. तिथे पाणी असतं, ते आपल्याला तोल सांगतं. ढगात काही वेळ वळत राहिलं की त्या पाण्याला वळणाचीच सवय होते, आणि नुसता धक्का बसला तरी ते सांगतं, पालथा झालास. भलेभले पायलट त्या पाण्याचं ऐकून मेलेत. तिचे हात आपोआप डावीकडे जाऊ लागले होते.

"रेघ कुठे आहे?"

"पंख... वर आलाय."

"तुला काय वाटतंय?"

"आडवे पडतोय."

"आणि रेघ काय म्हणते?"

मी तिच्या हाताला हात लावला नाही. लावला असता तर तिने सोडून दिलं असतं.

"मृणाल, तुला काय वाटतंय ते मला मान्य आहे. वाटू दे. पंख रेघेला टेकव."

तिने दात आवळले. पंख खाली गेला. रेघेला टेकला. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, घाम होता की रडू ते मी बघितलं नाही. पंख वर होता तेवढा वेळ वळण मंद झालं होतं, म्हणून मी मनातल्या मनात चार सेकंद वाढवले.

"चाळीस. स्पीड पंच्याण्णव. छान आहे, असंच."

माझे डोळे स्टॉपवॉचवर, आणि कान समोरच्या पांढऱ्याकडे लागलेले. डोंगराचा आवाज येत नसतो, हे मला माहीत होतं. तरी मी ऐकत होतो.

"पन्नास. थांब, अजून. एक, दोन, तीन, चार. सरळ कर!"

इवलं विमान समतल झालं. कंपासची चकती झुलत होती. आम्ही तिघेही तिच्याकडे बघत होतो, खेडेकरसुद्धा, मूर्ती छातीशी गच्च धरून. ती थांबली दोनशे पासष्टवर.

पाच डिग्रीचा फरक. होरायझन मेलेलं असताना, ढगात, बम्पमध्ये, रडत. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. तोंडाने मात्र "बरं" एवढंच म्हटलं. मग आम्ही हळूहळू चढायला लागलो आणि थोड्या वेळात पांढऱ्याचं करडं झालं, करड्याचं निळं. खाली शास्त्री नदीची खाडी, पलीकडे जयगड, आणि पुढे समुद्र. समुद्र बघून मला एवढं बरं पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

रत्नागिरीला मृणालनेच उतरवलं. मेकॅनिकने इंजिनचं झाकण उघडलं. पंपाचा दांडा मधोमध तुटला होता.

खेडेकर माझ्याजवळ आला. "सायेब, तुम्ही देवाला उपटलात."

"उपटलं."

"मी त्याला सांगितलंय, सायबांवर राग धरू नको म्हणून."

"आभारी आहे."

"आणि तुम्ही पण माझ्यावर धरू नका."

"मी धरणार," मी म्हटलं. "दोन दिवस तरी." मग मला हसू आलं आणि त्यालाही.

संध्याकाळी विमानाच्या सावलीत बसून आम्ही चहा घेत होतो. कॅमेऱ्याचा डबा लॅपटॉप बंद असला तरी आपली जागा आपली आपण टिपत राहतो. खेडेकरने ती माहिती नकाशावर उतरवली. लाल रेघ पूर्वेला गेली होती, थोडी उजवीकडे वाकली होती, मग एक गोल वळण घेऊन समुद्राकडे. वळणाची बाहेरची बाजू घाटाच्या कड्याजवळ आली होती. खेडेकरचं कामच अंतर मोजण्याचं. त्याने नेहमीच्या सवयीने माऊस कड्यावर ठेवला, रेघेपर्यंत ओढला, आणि आकडा बघून माऊस सोडून दिला.

"किती?" मृणालने विचारलं.

"लांब होता हो, ताई." त्याने लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"सांगा तिला," मी म्हटलं. "आहे तो आकडा सांगा. आज खोटं सांगणारे पुष्कळ भेटले."

त्याने माझ्याकडे बघितलं. "आठशे मीटर."

मृणालने चहाचा कप खाली ठेवला. ओठ हलले, भागाकार करत होती. शंभर नॉट म्हणजे सेकंदाला साधारण पन्नास मीटर.

"सोळा सेकंद," ती म्हणाली. "सर, मी 'सरळ चाललोय, सरळ चाललोय' म्हणत होते ना, ते याच्यापेक्षा जास्त वेळ म्हणत होते."

मी तिला समजावलं नाही. जे होतं ते तिने बरोबर मोजलं होतं. हल्ली मी नव्या पोरांना एवढंच सांगतो, की घड्याळं आपसात भांडायला लागली तर कोणाची बाजू किती जण घेतात ते मोजत बसू नका. कोणाला साक्षीदार आहेत ते बघा, आणि जे बघायचं ते लवकर बघा.